पायाळू चांगुणा

शिरूर अनंतपाळजवळच्या एका गावात चांगुणा राहायची. जन्मताना पाय आधी बाहेर आले म्हणून ती पायाळू, आणि पायाळू माणसाची लाथ लागली की उसण जाते असं अख्खं गाव मानायचं. मानायचं ते फक्त तिच्या पायापुरतं. बहात्तरच्या दुष्काळात शेषेराव पाटलांनी विहिरीवर तिची घागर दहा हात लांब ठेवायला लावली, कारण तिचं घर बौद्धवाड्यातलं. त्याच आठवड्यात पाठीत उसण भरली, तेव्हा हेच शेषेराव तिच्या दारात पालथे पडले. तेव्हा डोक्यात बसलेला राग पुढं उतरलाच नाही, आणि का उतरावा?

दहा वर्षांनी लातूर जिल्हा नवा झाला आणि पोलीस भरती निघाली. शेषेरावांचा भुजंग पळण्यात पहिला, पण गुडघे न वाकवता अंगठे धरायला सांगितले की हात नडगीवरच अडकायचे. मांडीच्या मागची शीर पार आखडलेली. भरतीला दीड महिना होता. शेषेराव त्याला घेऊन आले आणि म्हणाले, घाल एक लाथ.

"लाथंनं शीर लांबत न्हाई," चांगुणा म्हणाली. "रोज यायचं, हितं भुईवर बसायचं."

हे तिचं अनुभवाचं बोलणं होतं. दुष्काळी कामावर उकिडवं बसून खडी फोडता फोडता तिचेही पाय असेच आखडले होते. नांदेडच्या शाळेत खेळ शिकवणाऱ्या तिच्या भाचीनं, पंचशीलानं, ते सोडवून दिले. पाय लांब करून पुढं झुकायचं, ताण लागला की तिथंच थांबायचं, तीस आकडे मोजायचे. झटका द्यायचा नाही.

भुजंग आला, तोही मागच्या वाटेनं. पहिल्याच दिवशी त्यानं दणादण हिसके दिले. चांगुणानं त्याला असा फैलावर घेतला की शेजारची सरजाबाई पाखडायचं सोडून बघत राहिली. मग तो गुमान आकडे मोजू लागला. आठवड्याला बोट-दोन बोटं हात पुढं सरकले, आणि पाचव्या आठवड्यात अंगठे मुठीत आले.

भुजंग भरती झाला. पारावर पेढे वाटताना शेषेराव सगळ्यांना सांगत होते, चांगुणेची लाथ लागू पडली. भुजंग शेजारी उभा राहून हसत होता.

चांगुणा तिथूनच चालली होती. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. दीड महिना तिनं डोकं लावलं, घसा कोरडा केला, आणि यांना दिसला तो पाय.

"भुजंगा, म्या तुला पाय लावला का?"

"न्हाई."

"मंग काय केलं?"

भुजंगनं बापाकडं पाहिलं. शेषेराव म्हणाले, जाऊ दे की, एकच ते.

"एक न्हाई. म्या शिकवलं त्याला. शिकवलं म्हणा. आजपासून हा पाय कुणाच्या पाठीला लागायचा न्हाई. ज्याला गरज हाय, त्यानं मास्तरीण म्हणून हाक मारायची."

शेषेरावांनी डब्यातला पेढा उचलला आणि तिच्या हातात वरून टाकायला हात उंच धरला. चांगुणानं हात पुढं केलाच नाही.