हाळी दिल्यावर

साठच्या दशकात तारापूरच्या वीजकेंद्राच्या बांधकामावर मी नोकरीला होतो आणि बोईसरला खोली घेऊन राहत होतो. हौशी रेडिओचा परवाना नवाकोरा. दर रविवारी सकाळी स्वतः जुळवलेल्या यंत्रापुढे बसून मी माझा कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरची अक्षरं, हवेत पुन्हा पुन्हा म्हणत राही. महिनाभर कुणी उत्तर दिलं नाही.

किनाऱ्याकडून एक कोळीण यायची. गल्लीच्या तोंडाशी ती एकच लांबलचक हाळी द्यायची, "बोंबीऽऽल". मग पाटी उतरवून पदराने वारा घेत निवांत बसायची. थोड्या वेळाने एकेक दार उघडायचं.

एकदा ती माझ्या खिडकीखाली टेकली आणि माझा जप ऐकत राहिली.

"भाऊ, तुमी थांबतच नाय," ती म्हणाली. "हाळी दिली का गप बसायचं. बायांना हात पुसायला येळ लागतो."

मी अक्षरं एकदाच म्हटली आणि गप्प बसलो. बऱ्याच खरखरीनंतर कोलंबोचा कुणी माणूस माझीच अक्षरं मला म्हणून दाखवू लागला. मी खुर्चीवरून उठून नाचलोच.

"काय घेतलं त्यानं?" तिने विचारलं.

"काही नाही. नाव-गाव विचारलं."

"मी इतके रविवार येते, माजं नाय इचारलं तुमी."

मी ओशाळून विचारलं. ती हसली, पाटी डोक्यावर चढवली, तीच लांबलचक हाळी दिली आणि माझ्याकडे बघत थांबली.

मी हात पुसत बाहेर गेलो.