काचेवरची धूळ

मी हे लिहावं की नाही, ते अजून नीट ठरत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही, आणि ज्यांच्याविषयी लिहितोय त्यांच्याविषयी बोलायचा हक्क मी एका रविवारी घालवून बसलोय. तेव्हा वाचकांची आधीच माफी मागतो.

ते आमच्या हायस्कूलात प्रयोगशाळेचे शिपाई होते. सगळे त्यांना मामा म्हणायचे. धोतराच्या सोग्यानं काच पुसायची, उजेडाकडे धरायची, एक डोळा मिटायचा आणि म्हणायचं, "पूस, बघ, मंग बोल." काचेची नळी असो, कुणाचा चष्मा असो की विहारातली तसबीर, त्यांचं हेच.

सरांपेक्षा जास्त विज्ञान येणारे शिपाई तुम्हीही पाहिले असतील. सरांच्या प्रयोगात रंग बदलला नाही की मामा मागून हळूच म्हणायचे, "सर, दुसऱ्या बाटलीतलं बघता का?" रंग बदलायचा. टाळ्या सरांना मिळायच्या. त्याच सरांच्या खोलीतल्या माठाला हात लावायची मात्र मामांना मुभा नव्हती. दुसरा शिपाई त्यांच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचा. एकदा मामांनी ओंजळीतल्या पाण्याचा एक थेंब आणि आमच्या वस्तीतल्या आडाचा एक थेंब असे दोन काचपट्ट्यांवर घेतले. सूक्ष्मदर्शक टेबलावर मांडला. "सर, यातलं बाटलेलं कोनतं, तेवढं वळखून दावा." सर हसले. वाकून बघितलं मात्र नाही.

मामांचं शिक्षण सातवी नापास. दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव त्यांनी स्वतः नदीत सोडले होते. मला म्हणायचे, "आमी बुद्ध काहून घेतला, ठावं हाय का? तो म्हनला, मी म्हनतो म्हनून मानू नका, तपासा. असं अजून कोन म्हनलं? सायन्स म्हनलं." रविवारी विहारात वंदना झाली की ते लेकरांना एक प्रयोग दाखवायचे. पेटत्या मेणबत्तीवर पेला पालथा घालायचे. ज्योत बारीक होत विझायची. "हवा सरली, ज्योत सरली. कारन गेलं की काम गेलं. भंतेजी ह्येच सांगतात, निस्तं पालीत." माझी आई त्यांना बघून म्हणायची, "मेनबत्त्या लपवा गं, मामा आले."

मी मॅट्रिकला होतो त्या पावसाळ्यात आडाचं पाणी गढूळ झालं आणि वस्तीत हगवण लागली. विहारात परित्राण पाठ ठेवला. मधोमध पाण्याचं भांडं, त्याला गुंडाळलेला पांढरा दोरा सगळ्यांच्या हातात, आणि पाठ संपला की तेच पाणी घोटघोट वाटायचं. भंतेजी पुढच्या गावी गेले, तरी भांडं तिथंच राहिलं. पाणी कमी झालं की आडाचं पाणी आणून त्यात ओतायचं आणि आजारी लेकरांना वाटीनं पाजायचं, असं सुरू झालं.

रविवारी सकाळी मामांनी शाळेतला सूक्ष्मदर्शक टॉवेलात गुंडाळून आणला. विहाराच्या ओट्यावर, उन्हात, त्या भांड्यातला एक थेंब मला दाखवला. मी बघितलं. स्पष्ट बघितलं. बारीक पारदर्शक जीव इकडून तिकडे पळत होते.

वंदना झाल्यावर मामा उभे राहिले. "लेकरांना पानी उकळून पाजा."

"उकळल्यावर पाठाचा गुन राहील का?" विहाराच्या अध्यक्षांनी विचारलं. ते वाईट नव्हते. त्यांचा नातूही घरी निजून होता.

"पाठ कानानं घ्यायचा आसतो, दादा. पानी पोटात जातं."

कुणीतरी हसलं. अध्यक्ष हसले नाहीत. "म्हंजी भंतेजींच्या पान्यात किडे हायत?"

"आडाच्या पान्यात हायत. माझं मानू नका. या, बघा."

कुणी उठलं नाही. ज्यांनी देव नदीत सोडले, तीच माणसं होती. मग मामांनी माझ्याकडे हात केला. "पोरगं सायन्सचं हाय. त्यानं बघितलंय. बोल रे."

मला हिंगोलीच्या वसतिगृहात जागा मिळायची तर अध्यक्षांची चिठ्ठी लागणार होती. हे मला ठाऊक होतं, बाबांना होतं, अध्यक्षांनाही होतं. बाबा खाली बघत होते. मी म्हणालो, "मला नीट दिसलं न्हाई."

 मामा सोगा घेऊन काच पुसायला लागले. "धूळ आसंल," एवढंच म्हणाले.

सूक्ष्मदर्शक न विचारता बाहेर नेला, अशी तक्रार शाळेत गेली. मामांकडून प्रयोगशाळेची चावी काढून घेतली आणि त्यांना घंटेवर बसवलं. विहारातला रविवारचा प्रयोग बंद झाला. त्या श्रावणात वस्तीतली दोन लेकरं गेली. एक अध्यक्षांचा नातू. त्या पाण्यानंच गेली, असं मी म्हणू शकत नाही. तपासलं कुणी? पुढे सेनगावहून नर्स आली आणि पाणी उकळा म्हणून सांगून गेली. तेव्हापासून उकळतात. नर्सनं सांगितलं म्हणून. काचेतून तेव्हाही कुणी बघितलं नाही.

मला चिठ्ठी मिळाली.

गाव सोडायच्या दिवशी मी शाळेवरून गेलो. मामा घंटेखाली स्टुलावर बसले होते. मला सांगायचं होतं. त्यांनी माझा चष्मा मागितला, पुसला, परत दिला. "जा. गाडी चुकंल." मी गेलो.

आता बी.एस्सी.ला आहे. रोज सूक्ष्मदर्शकात बघतो. सगळं नीट दिसतं.

बाबांना लिहिता येत नाही. परवा त्यांनी कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं कार्ड आलं. घरी सगळे बरे आहेत. तुरी बऱ्या आल्या आहेत. मामा गेल्या महिन्यात वारले. शेवटी त्यांना बोलवत नव्हतं, तरी तुझ्यासाठी निरोप ठेवून गेले. म्हणाले, पोराच्या डोळ्याचा दोष नव्हता, त्या दिवशी काच मीच बराबर पुसली नव्हती.