वैशालीचं डिस्कनेक्ट झालेलं सेशन

इथे लोक लिहितात ते गूढ अनुभव मी जेवणाच्या सुट्टीत वाचते आणि, खरं सांगायचं तर, बहुतेक वेळा मनात म्हणते — जरा वायरिंग तपासून बघितली असती तर? मी सिस्टिम अ‍ॅडमिन आहे. कॉम्प्युटर ‘आपोआप’ काही करत नाही, कुणीतरी केलेलं असतं आणि लॉगमध्ये त्याची नोंद असते, यावर माझी नोकरी चालते. म्हणूनच हे लिहायला इतके महिने लागले.

मी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात आहे. मशीनवर काम चालू असताना पार्ट घट्ट धरून ठेवायला जे फिक्स्चर लागतात, ते आम्ही बनवतो. डिझाईनमधली वैशाली लग्नानंतर येवल्याला गेली आणि तिथूनच रिमोट डेस्कटॉपवर काम करायला लागली. म्हणजे लॅपटॉप तिच्या घरी, पण ड्रॉइंग उघडलेलं असतं आमच्या अंबडच्या सर्व्हरवर. लॅपटॉप बंद केला, नेट गेलं, तरी सर्व्हरवर तिचं सेशन तसंच उघडं राहतं. ‘डिस्कनेक्टेड’ असं दिसतं, एवढंच. परत जोडलं की काम होतं तिथून पुढे सुरू. लॉगऑफ केलं तरच ते संपतं.

एका दुपारी ती लेकीला क्लासवरून आणायला निघाली आणि रस्त्यावरच्या खडीवर स्कूटर घसरली. डोक्याला मार. नाशिकला आणून आयसीयूत ठेवलं. शुद्ध नव्हती, आणि ती कधी येईल हे डॉक्टर सांगत नव्हते. तिचा नवरा संदीप दुसऱ्याच दिवशी ऑफिसचा लॅपटॉप माझ्याकडे देऊन गेला. “घरात दिसला की पोरगी रडती,” म्हणाला. मी तो कपाटात ठेवून कुलूप लावलं.

सर्व्हरवर तिचं सेशन अर्थातच डिस्कनेक्टेड दिसत होतं. ते मी बंद केलं नाही. कामाच्या गर्दीत राहून गेलं म्हणा, किंवा मन झालं नाही म्हणा.

आठवडाभराने सर्व्हर तपासताना दिसलं, की त्या सेशनमधलं ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर काम करतंय. नुसतं उघडं नाही… मध्येच जोर धरायचं, मध्येच शांत. फाईल बघितली तर सकाळीच सेव्ह झालेली. ऑटोसेव्ह असेल, म्हणून कॉपी काढून उघडली. अपघाताच्या दिवशीच्या बॅकअपमध्ये ड्रॉइंग अर्धं होतं. हे बरंच पुढे गेलेलं होतं.

पहिला विचार आला तो हाच, की कुणीतरी तिचा पासवर्ड वापरतंय. मी तिचं खातंच बंद केलं, म्हणजे नवीन लॉगिन शक्य नाही. व्हायरस तपासला. काही स्क्रिप्ट चालू आहे का पाहिलं. नव्हती. नेटवर्कवरून त्या सेशनला काहीही जोडलेलं नव्हतं. डिस्कनेक्टेड सेशनला माउस नसतो, कीबोर्ड नसतो, खरं तर पडदाही नसतो. दुसऱ्या दिवशी ड्रॉइंग आणखी पुढे गेलेलं होतं.

भीती वाटली का? खोटं कशाला बोलू, तेव्हा नाही वाटली. मला फक्त समजून घ्यायचं होतं.

मी आहेर सरांना दाखवलं. कारखाना त्यांचा. चष्मा वर करून त्यांनी बराच वेळ स्क्रीनकडे पाहिलं आणि एका क्लॅम्पवर, म्हणजे पार्ट दाबून धरणाऱ्या पकडीवर, बोट ठेवलं.

“हा क्लॅम्प कुणी फिरवला?”

“का? चुकलाय का?”

“चुकला नाय. बरोबरे. कस्टमर तिथं सेन्सर बसवणार हे, म्हणून फिरवायचा होता. पण मी अजून कोणालाच सांगितलं नाय. त्यांचा नुसता फोन आला होता मला.”

“नक्की कोणाला नाही?”

त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. मग जरा ओशाळून म्हणाले, “वैशालीला सांगितलं. दवाखान्यात. तिथं उभं राहून काय बोलावं सुचंना, म्हणून आपलं कामाचंच बोलत बसलो. म्हटलं, तेवढा क्लॅम्प फिरवावा लागंल बरं का.”

मी ती कॉपी बंद केली. जाता जाता ते एवढंच म्हणाले, “संदीपला सांगू नको. उगं आशा लागंल.”

आणि नेमकी त्याच आठवड्यात सर्व्हरची एक डिस्क जायला आली. बदलायची तर सर्व्हर बंद करणं भाग होतं, नाहीतर सगळ्यांचंच काम गेलं असतं. इंजिनिअर दुपारी येणार होता. सकाळी मी वैशालीच्या नावावर राईट क्लिक केलं… ‘लॉगऑफ’वर माउस नेला आणि तिथेच थांबले. हे बटण मी रोज कुणा ना कुणासाठी दाबते. त्या दिवशी हात पुढे जाईना.

मी गाडी काढली आणि हॉस्पिटलला गेले. भेटायची वेळ होती. संदीप म्हणाला, “जा, पाच मिनिटं सोडतात.” मी तिच्याजवळ उभी राहिले. नर्स पलीकडच्या पेशंटकडे होती, तरी मला लाज वाटत होती. हळूच म्हटलं, “वैशाली, दुपारी सर्व्हर बंद करायचाय गं. काम सेव्ह कर आणि लॉगऑफ हो. राहिलेलं आपण नंतर बघू.”

ती हलली नाही. मॉनिटरवरही काही बदललं नाही. मी परत अंबडला आले.

जागेवर बसून यादी उघडली, तर वैशालीचं नाव नव्हतं. सेशन संपलेलं. ड्रॉइंग सेव्ह झालेलं, शेवटच्या मापासकट पूर्ण. तेव्हा मात्र भीती वाटली. सेशन संपलं याचा दुसराही अर्थ होऊ शकतो, हे मला त्या क्षणी सुचलं. मी संदीपला फोन लावला. त्याने उचलला नाही. परत लावला. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा त्याला नीट बोलताच येत नव्हतं. “काय झालं?” मी विचारलं.

“डोळे उघडले तिनं,” तो म्हणाला. “आत्ताच. पाणी मागितलं.”

लॉगमधली नोंद मी आजवर अनेक जाणकारांना दाखवली. तिथे स्वच्छ लिहिलंय, की लॉगऑफ युजरने स्वतः केला. कुणी म्हणतं लॉग करप्ट असेल, कुणी म्हणतं सॉफ्टवेअरमधला बग. बगला क्लॅम्प कुठे फिरवायचा ते कसं कळलं, यावर सगळे विषय बदलतात.

वैशाली आता बरी आहे, पुन्हा कामाला लागली आहे. आयसीयूतलं तिला काहीच आठवत नाही. ड्रॉइंग दाखवलं तेव्हा म्हणाली, “पद्धत तर माझीच आहे.” मग मी तिच्याशी काय बोलले होते ते सांगितलं. तिने ड्रॉइंग बंद केलं.

“बरं झालं तेव्हा सांगितलंस,” ती म्हणाली. “काम अर्धवट टाकून मी कधी उठत नाही.”

तिने हे अगदी सहज म्हटलं. मला अजून त्याचा अर्थ लावता आलेला नाही.