हात लावील तो आधी लटकील

किस्से काही ठरवून जमत नाहीत. वडवणीतल्या माझ्या लेथच्या दुकानात कुणीतरी मोटारीचा शाफ्ट घेऊन येतं, काम होईपर्यंत बाकड्यावर टेकतं आणि म्हणतं, "मिस्त्री, ते अप्पा लटकलेलं सांगा की!" एक सांगितला की त्याचं शेपूट धरून दुसरा येतो. शाफ्ट राहतो बाजूला! आमच्याकडे हा साठा झाला तो गेल्या चिंचेच्या हंगामात, आणि सगळा झाला दगडूभाऊंमुळे.

दगडूभाऊंचं रान माझ्या दुकानामागंच आहे. चिंच उतरवावी तर त्यांनीच, असा माणूस. तीस वर्षं नुसत्या हातापायांनी चढले. फांदी पायानं हलवायची, काठीनं झोडपायची नाही. "झाडाला मारलं की पुढल्या साली ते तोंड फिरवतंय," म्हणायचे. तीन वर्षांमागं ते पडले, मांडीच्या हाडात सळई घालावी लागली आणि त्यांच्या बायकोनं, सरूवहिनींनी शब्द घेतला: मी हो म्हणेपर्यंत चढायचं नाही.

भाऊंनी शब्द पाळला. पण बांधावरची त्यांची चिंच दुसरे लोक काठीनं झोडपायला लागले की ते उठून घरात जायचे आणि दार लावून घ्यायचे. ते मला बघवेना.

*

आमचे अप्पा म्हणजे बाजारातले दोर-खिळ्यांचे दुकानदार. त्यांचा भाचा पुण्यात झाडं छाटायच्या कामावर आहे. त्याची दोरावर चढायची एक जुनी पकड अप्पांनी भाऊंसाठी मागवून घेतली. दोर फांदीवरून सोडायचा, त्यावर ही पकड, पकडीला पट्टा आणि पट्ट्यात माणूस. वर सरकवली की सरकते, वजन पडलं की दोर चावून धरते, वरची पट्टी दाबली की हळूहळू खाली सोडते.

हे सगळं आम्हाला नंतर कळलं. त्या दिवशी पुडकं सोडल्यावर तिघंही बघत बसलो. अप्पांनी ती उलटी धरली, मी आडवी धरली.

दगडूभाऊ म्हणाले, "म्हशीला इचारा. धार काढायचं मशीन दिसतंय!"

*

अप्पांच्या दुकानातला दोर जाड, पकडीची खाच अरुंद. मी कानस घेतली आणि दोन दिवस घासत बसलो. खाच अशी गुळगुळीत केली की तोंड बघावं! "घ्या भाऊ, तयार!"

"मी शब्द दिलाय," भाऊ म्हणाले. "आन् घासलं कुणी? तुमी. मग आदी तुमी लटका."

आता माझं सांगतो. दुकानातली ट्यूब गेली तर मी शेजाऱ्याला बोलावतो. स्टुलावर चढलं तरी मला गरगरतं! पण नाही कसं म्हणणार? पट्टा बांधला, पकड कमरेएवढ्या उंचीवर नेली, पाय उचलले. भाऊंचा तळहात माझ्या पाठीवर होता. तो हात होता म्हणूनच मी पाय उचलले, हे मी आजही कुणालाही सांगतो.

पकडीनं दोर धरलाच नाही. सावकाश, अगदी मानानं, मी खाली आलो आणि शेणात बसलो.

"चांगलं झालं," भाऊ म्हणाले. "हेच वर झालं असतं तर?"

गुळगुळीत खाचेचा तुकडा फेकला, पुण्याहून नवा तुकडा आला, दोरही पकडीच्या मापाचा मागवला. आणि दुकानाच्या भिंतीवर खडूनं नियम लिहिला: जो कानस लावील, तो आधी लटकील.

*

अप्पा भस्माचे तीन पट्टे ओढल्याशिवाय गल्ल्यावर बसत नाहीत आणि दुकानातल्या कुठल्याही लोखंडाला तेल पाजल्याशिवाय राहत नाहीत. एकदा पकड रात्रभर त्यांच्याकडे राहिली. सकाळी नुसती चकाकत होती!

"अप्पा, ह्ये काय केलंत?"

"लई सुकलीवती बिचारी."

दोर धरायच्या वस्तूला तेल! मी नियमाकडे बोट दाखवलं. अप्पा म्हणाले, "म्या कानस कुटं लावली? तेल लावलंय."

दारात सरूवहिनी उभ्या होत्या. आम्ही काय करतोय यावर त्यांचं रोज लक्ष असे. त्या म्हणाल्या, "हात लावला का न्हाई? मग लटका."

अप्पांचं वजन म्हणजे भरलेलं पोतं. "महादेवाऽ" एवढंच ऐकू आलं, मग धप्प! पकड रॉकेलनं धुतली, तेलकट दोर अप्पांनी स्वतः बाजूला काढला आणि त्याच दिवशी भिंतीवरचा नियम पुसून नवा लिहिला: जो हात लावील, तो आधी लटकील.

*

पुढं पकड इतकी पक्की धरायला लागली की सोडेना. कमरेएवढ्या उंचीवर मी अडकलो. पाय टेकेनात, पट्टी दाबेना आणि भाऊ अप्पांना बोलवायला गेलेले. खिशात फोन वाजला. गिऱ्हाईक होतं.

"मिस्त्री, दुकान उघडं, तुमी कुटं हाय?"

"मागं. लटकलोय."

तिकडून घाबरा आवाज आला, "घरच्यांना सांगितलं का?"

तो गृहस्थ पळत आला, मला वर उचलून सोडवलं आणि वर मलाच चहा पाजला. अशी माणसं भेटली, म्हणून तर काम पुढं सरकलं. त्या अडकण्यातून मला सुचलं, की पट्टीला वीतभर दांडा पाहिजे. दांडा लावला, लटकलो आणि अलगद उतरलो. भाऊंनी माझे दोन्ही हात धरले. मला रडू आलं, मी नाक शिंकरल्याचं नाटक केलं.

*

वहिनींचा राग एका बाजूला आणि भाकरी दुसऱ्या बाजूला. आमच्यावर चिडायच्या, पण जेवल्याशिवाय सोडायच्या नाहीत. एकदा ताटात ठेचा बोटभरच.

"कावून हो वहिनी?"

"माहेरच्या मिरच्या आल्या न्हाईत. भावजय फोनवर म्हणली, औंदा झाल्याच न्हाईत."

भाऊ हसले. "मी चढत असतो तर वरून बघून सांगितलं असतं. दिसतंय तुजं माहेर झाडावरून."

वहिनी मला म्हणाल्या, "तीस वरसं हेच सांगत्यात. ओढ्यापल्याडची वस्ती कुटं दिसत असती का? आन् भावजी, ह्यांच्या मांडीत एक सळई हाय. दुसरी घालायला जागा न्हाई."

पण मी निघालो तेव्हा त्यांनी माझ्याकडून पट्टा मागून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याला आतून जुन्या गोधडीची मऊ पट्टी शिवलेली होती, दुहेरी टाक्याची, आणि मांडीशी जास्त जाड.

*

शेवटी सगळं जुळलं. दांडा लावणारा मी, म्हणून मी लटकलो. नवा दोर आणणारे अप्पा, म्हणून अप्पा लटकले. पकडीनं दोघांनाही धरलं आणि दोघांनाही नीट सोडलं. भाऊ झाडाच्या बुंध्याला हात न लावता उभे होते, आणि आम्ही सगळे वहिनींकडे बघत होतो.

वहिनी म्हणाल्या, "थांबा. पट्टा कुणी शिवला?"

"तुमी," अप्पा म्हणाले.

"मग?" त्यांनी लुगड्याचा काष्टा घट्ट खोचला, पट्टा चढवला. पकड सुटलीच तर वहिनींना धरायला दुसरा, राखणीचा दोर होता; त्याचं टोक अप्पांच्या कमरेला होतं, कारण अप्पांना उचलून नेईल असं वजन तालुक्यात नाही. रोज बघून बघून वहिनींना सगळं पाठ झालेलं. दोराच्या फासात पाय घालायचा, उभं राहायचं, पकड वर सरकवायची. पुन्हा तेच.

कमरेएवढी उंची आली. "बास वहिनी!" मी म्हणालो. त्या थांबल्या नाहीत.

"अगं सरू, नियम कमरेपत्तूर हाय!" भाऊ ओरडले. वहिनी पहिल्या फांदीच्या वर गेलेल्या. मग दुसऱ्या. मग पाल्यात नुसतं हिरवं लुगडं दिसायला लागलं आणि मग तेही दिसेना.

बराच वेळ दोर हलला नाही. अप्पा दोर धरून घामाघूम. भाऊ वर बघत उभे, हात जोडलेले. "सरू? बरी हायस का?"

दोर हलला. वहिनी सावकाश उतरल्या, दांडा बरोबर धरून. पट्टा काढला, सरळ भाऊंच्या कमरेला बांधला आणि एकेक बक्कल स्वतःच्या हातानं आवळलं. मांडीचं दोनदा.

"काय झालं गं?" भाऊंनी हळूच विचारलं.

"भावजईच्या घरावरचा पत्रा लालभडक दिसतोय. माज्या डोळ्याला नीट कळंना," वहिनी म्हणाल्या. "तुमी चढा. आन् मिरच्याच हायेत का बघून सांगा!"