शंकासूर बाईंची अट

भूलतज्ज्ञ बाईंना मेडिकल कॉलेजात सगळे ‘शंकासूर’ म्हणायचे. पेशंट म्हणाला, “सकाळपासून काही खाल्लं नाही,” की त्या त्याच्या बायकोला बाजूला घेऊन पुन्हा विचारायच्या. निवृत्त झाल्या, तरी खोड गेली नाही. म्हणून वर्गमित्र लांबू, आता नावाजलेला हाडांचा डॉक्टर, घरी येऊन म्हणाला, “आपण माजी विद्यार्थ्यांची स्वतंत्र संघटना काढतोय,” तेव्हा त्यांच्या मनात आलं, यात याचं काय?

“कॉलेजची संघटना आहे की.”

“तिचे अध्यक्ष डीनच! वर्षातून एकदा जेवायचं, फोटो काढायचे. प्रसूती विभागात रक्त वेळेवर मिळत नाही असं एक शिकाऊ डॉक्टर मुलगी उघड बोलली, तर तिला घरी बसवून चौकशी लावलीय. ही संघटना तिच्यासाठी तोंड उघडेल?”

“आणि तुला एकाएकी तिचा पुळका कशानं आला?”

लांबू नुसता हसला. बाईंना ते हसणंही खटकलं.

दुसऱ्या दिवशी त्या तडक मुलीच्या खोलीवर गेल्या. उलटसुलट विचारलं. मुलगी दर वेळी तेच सांगायची. पण पाठ केलेलंही असंच येतं. मग त्यांनी प्रसूती विभागातल्या ओळखीच्या नर्सला गाठलं. ती इकडेतिकडे बघत पुटपुटली, “बाई, माझं नाव कुठं घेऊ नका. पोरगी खरं बोलतेय.”

पहिली बैठक लांबूच्याच दवाखान्यात भरली. भिंतीभर त्याचे सत्काराचे फोटो. बाईंनी ते एकेक करून पाहिले आणि उठून म्हणाल्या, “माझ्या दोन अटी. कॉलेजच्या नोकरीतलं कोणी समितीवर नको. आणि लांबू अध्यक्ष नको.”

लांबूचा चेहरा खाडकन उतरला. “अगं, सगळ्यांना जमवलं कोणी?”

“म्हणूनच. कुंपणानंच शेत खाल्लं तर दाद कुणाकडे मागायची?”

अटी मताला टाकल्या. बाजूनं पहिला हात लांबूनंच वर केला.

चौकशीच्या दिवशी नवी संघटना मुलीच्या पाठीशी उभी राहिली. तिथं सगळ्यात जास्त भांडला तो लांबू. डीन लालबुंद झाले, पण मुलीला कामावर परत घ्यावंच लागलं.

“आता तरी त्याच्यावर विश्वास बसला का?” घरी नवऱ्यानं विचारलं.

“बोलला मात्र छान,” चप्पल काढता काढता बाई म्हणाल्या. “पण अध्यक्षपदाच्या पुढच्या निवडणुकीला उभा राहतो का, ते बघू दे.”