जवसाच्या तेलावर निघालेली वरात

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. आणि मी न सांगितलेली गोष्ट म्हणजे — आमच्या पातूरकडं कोणालाही विचारा — तीन शिंगांच्या बैलाइतकी दुर्मीळ. मेलेला साप मी सांगता सांगता जिवंत करतो, जिवंत असला तर दहा हात लांब करतो. पण ही एक गोष्ट घशाखालीच राहिली. खरी होती म्हणून असेल का?

दिवस वाईट होते. कपाशीनं पाठ फिरवलेली, सकाळी पेपर उघडायची भीती वाटायची. गावातली लग्नं एकामागून एक पुढं ढकललेली. म्हणून माझा पुतण्या गुणवंत, त्याचं लग्न बडनेऱ्याला ठरलं तेव्हा गाव असं हरखलं, जणू घराघरात नवरदेव. बँडवाल्यांचे ढोल उंदरांनी कुरतडले होते. ते बिचारे रात्रंदिवस कातडं ताणत बसले.

नवरदेवाची गाडी माझी. जुनीच घेतलेली जीप — पण पॉवर स्टेअरिंगची! एका बोटानं वळते, हे मी इतक्यांदा सांगितलं होतं की लोक गाडी सोडून माझं बोट पाहायला यायचे. तर या स्टेअरिंगनं ऐन वेळेवर कुरकुर लावली. अकोल्याला सलीमभाईंकडं नेली. सलीमभाई म्हणजे गाड्यांचे हकीम. डोळे मिटून बोनेटला कान लावायचे आणि दुखणं सांगायचे. तेल जळलं, म्हणाले, धुवावं लागते. पुढची चाकं जॅकवर उचलली, तेल परत येण्याचा पाइप काढून डब्यात सोडला, मला स्टेअरिंगवर बसवून पार डावीकडं, पार उजवीकडं फिरवायला लावलं आणि वरून नवं तेल ओतत राहिले. आधी डांबर आलं, मग चहा, मग डाळिंबाचा रस. पाइप बसवला, क्लिप आवळली, आणि सांगितलं — थोडी चालवा, जुनी घाण सुटते, लग्नाआधी आणून दाखवा, आणखी एकदा धुऊ.

मी गेलो का? कशाला जातो! पाहिलं होतं की सगळं. हे तर बायकांनी कपडे पिळण्याइतकं सोपं. लग्नाच्या आदल्या दुपारी, तेलाचा नवा डबा आणून, गोठ्यात पुढची चाकं लाकडी ठोकळ्यांवर चढवून एकटाच सुरू झालो. स्टेअरिंग फिरवून धावत बोनेटकडं, बोनेटकडून धावत स्टेअरिंगकडं. आतलं लाल तेल सगळं बाहेर आलं — आणि नवा डबा कलंडला. वासरानं लाथ मारली असं लिहिणार होतो. आज नको. माझाच पाय लागला.

आता? अकोल्याला जायला गाडी हवी, आणि गाडी तर ठोकळ्यांवर. सलीमभाईंना निरोप धाडावा तर उद्या वरातीत सांगतील, हा एका बोटाचा पैलवान तेल सांडून बसला. घरात लाकडी घाण्यावरून आणलेलं जवसाचं तेल होतं. तेलच ना तेही? माझा आजा त्यावर नव्वदीत धावत होता. ओतलं.

वरात निघाली. अकोला सोडेपर्यंत सगळं झकास. पुढं ऊन चढलं, बोनेटखालून भजी तळल्याचा खमंग वास सुटला आणि उपाशी नवरदेवाची लाळ शेल्यावर गळायला लागली. मूर्तिजापूरच्या पुढं तेलाचा फेस झाला, पंप डुकरासारखा किंचाळायला लागला, आणि स्टेअरिंग — बोटानं नाही, हातानं नाही, खांद्यानंही वळेना. मग गुणवंतानं मुंडावळ्या कानामागं सारून एका बाजूनं धरलं, मागून त्याच्या मामानं हात घातला. तीन माणसं एक चाक वळवतोय, मागच्या मेटाडोरमधून बायका गाणी म्हणतायत! हसून हसून मामा सीटखाली गेला. सांगतो, त्या वर्षांत इतकं कोणी हसलं नव्हतं.

इथपर्यंत मी सगळ्यांना सांगत आलो. जवस वगळून. वास कुठल्यातरी हॉटेलातून आला म्हणून.

आता पुढचं — जे नाही सांगितलं.

बडनेऱ्याच्या अलीकडं गाडी थांबवली. मंडळी झाडाखाली पाणी प्यायला उतरली. सलीमभाईही वरातीला होते, मागच्या गाडीत. ते येणार, बोनेट उघडणार, नुसत्या नाकानं ओळखणार. मी — घाम पुसत, सगळ्यांकडं पाठ करून — पाइपची क्लिप सैल केली. पाइप ओढला. जवसाचं तेल रस्त्याकडेच्या मातीत सोडलं, वरून डिझेल फिरवून वास मारला. पाइप पुन्हा नुसता अडकवून ठेवला. काय म्हणायचं याला? घाबरलो म्हणू? हात तर जराही कापत नव्हता.

सलीमभाई आले. पांढराशुभ्र कुर्ता, अत्तर. वाकून बोट लावलं, क्लिप गरकन फिरली; आत तेलाचा थेंब नाही. दादा — गुणवंताचा बाप, माझा थोरला भाऊ — सगळ्या वरातीसमोर त्यांना म्हणाला, "सलीमभाई, पोरगं मेलं असतं ना माह्यं. कावून केलं असं?"

सलीमभाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी झाडाकडं.

"माह्याच हातानं ढिली राहिली असन, दादा," ते म्हणाले. "चुकलो."

मग नव्या कुर्त्यासकट गाडीखाली गेले. आम्ही बाकीचे मागच्या गाड्यांत बसून पुढं गेलो. तिकडं मांडवात अक्षता पडल्या, बँड फुटेस्तोवर वाजला, मला फेटा बांधून खांद्यावर नाचवला — तीन माणसांच्या ताकदीनं वरात पोचवली म्हणून. मी नाचलो. खूप नाचलो. सलीमभाई जेवायला आले तेव्हा पंगती उठल्या होत्या.

त्यानंतर त्यांनी बोनेटला कान लावणं सोडलं. प्रत्येक क्लिपवर तार पिळायला लागले, गाडीवाल्याला हात लावून पाहायला लावायचे, तो निघाला की मागून हाक मारून पुन्हा बोनेट उघडायचे. लोक कंटाळले, शेजारच्या गॅरेजला जाऊ लागले. पोरं 'तारवाले' म्हणून चिडवायची. मीही चिडवलं. गुणवंताची पोरगी आता कॉलेजात आहे. घरी लग्नाची गोष्ट निघाली की अजून सलीमभाईंच्या ढिल्या क्लिपवर हशा पिकतो, आणि तो पिकवतो कोण? मीच.

सलीमभाई आता गॅरेज पोराच्या हाती देऊन दारात खुर्ची टाकून बसतात. मराठी छापलेलं अक्षर न् अक्षर वाचतात, दुकानदारांना मोठ्यानं वाचून दाखवतात. हेही त्यांच्या हाती पडेल.

क्लिप घट्ट होती, भाई. तुमचा हात चुकला नव्हता. ढिली मी केली.