दोन लाल टिकल्या

बाबांना कोड्यांचं भारी वेड. आठवडाभर एअरपोर्टवर सामान उचलायचं आणि रविवारी जेवणं झाली की आम्हाला छळायचं. एकदा त्यांनी मला आणि आईला डोळे मिटायला लावले आणि दोघींच्या कपाळावर एकेक टिकली चिकटवली. "लाल किंवा काळी. दोघींपैकी एकीची तरी लाल आहे. स्वतःची कुठली ते ओळखा. आरशात बघायचं नाही."

आईची लाल होती. मी तिच्याकडे बघत बसले, ती माझ्याकडे. ती काही बोलेना. मग माझी ट्यूब पेटली. माझी काळी असती, तर लाल तिचीच हे आईला लगेच कळलं असतं. ती गप्प आहे, म्हणजे माझीही लाल!

"पण एक लाल आहे हे आम्हाला दिसतच होतं," मी हुज्जत घातली. "तुम्ही सांगितलं कशाला?"

"दिसत होतं गं. पण कोणी मोठ्यानं म्हटल्याशिवाय कोडं सुटत नाही."

"झालं का तुमचं?" आई म्हणाली. "भांडी पडलीत."

मी पंधरा वर्षांची असताना बाबांचं पोट दुखायला लागलं. हॉस्पिटलात डॉक्टरांनी आईला आणि मला बाजूला नेलं. परदेशात इतकी वर्षं काढूनही आईचं इंग्रजी बेताचं. "कम्फर्टेबल ठेवू म्हणाले ना? म्हणजे आराम पडणार," म्हणत तिचा चेहरा उजळला. मेलं ते कम्फर्टेबल! आता इलाज नाही, फक्त दुखू द्यायचं नाही, हा त्याचा खरा अर्थ मलाच सांगावा लागला, तिथे कॉरिडॉरमध्ये, मराठीत. आई भिंतीला टेकली. मग म्हणाली, "ह्यांना कळता कामा नये. माझी शपथ आहे तुला."

बाबा घरी आले त्या दिवशी आईनं त्यांच्या ताटात लोणचं वाढलं. ब्लडप्रेशर म्हणून वर्षानुवर्षं ती त्यांच्या हातून बरणी हिसकावून घ्यायची. ती किचनमध्ये गेल्यावर बाबा हळूच म्हणाले, "लोणचं वाढलं तिनं. आपणहून. म्हणजे माझं काही खरं नाही."

मला रडूच फुटलं.

"रडू नको. आणि मला कळलंय हे तिला सांगू नकोस. मोडून पडेल बिचारी."

झालं! दोघांनाही ठाऊक, आणि मधे मी, दोन्हीकडून तोंड शिवलेली. दीड महिना ती दोघं समरमध्ये इंडियाला जायच्या गप्पा मारत होती. तिकिटांची चौकशीसुद्धा केली. मला दोघांचा राग यायचा, स्वतःचा त्याहून जास्त. एक वाक्य मोठ्यानं म्हणायचं होतं. ते मी म्हटलंच नाही.

बाबा फेब्रुवारीत गेले. तेरावं झाल्यावर एका दुपारी मी भांडी घासत होते आणि आई पुसत होती. ती म्हणाली, "एक बरं झालं. ह्यांना शेवटपर्यंत कळलं नाही."

मी घासलेलंच ताट पुन्हा घासायला घेतलं.

"नाही ना गं कळलं?"

मी सिंकमधल्या पाण्याकडे बघत राहिले. आईचा हात थांबला. मी गप्प आहे यावरून तिनं ओळखलं. शिकवलं बाबांनीच होतं.

"अगं," ती म्हणाली, "मग एक दिवस तरी खरं बोललो असतो ना आम्ही."